हे तू लिहिलेले नाहीस!

भोपाळ शहरात शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारी एक संस्था आहे. ती १९८२ साली स्थापन झाली. संस्थेला नाव द्यायचे म्हटले की आपल्याकडे सहसा एखाद्या थोर गुरूचे, संताचे किंवा मग देणगीदाराचे नाव पुढे येते. या मंडळींनी मात्र एका शिष्याचे नाव निवडले. तेही ज्याला गुरूने दारातूनच परत पाठवले अशा शिष्याचे. ‘एकलव्य’ हे त्या संस्थेचे नाव. शाळांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या, शिक्षकांबरोबर काम करणाऱ्या संस्थेने गुरूच्या अन्यायाची आठवण आपल्या दारावरच लावून ठेवावी, हे आम्हाला मोठे अर्थपूर्ण वाटते.

एकलव्याची कथा वाचकांना ठाऊक आहेच. निषादांच्या राजाचा हा मुलगा द्रोणाचार्यांकडे गेला, त्यांनी त्याला नाकारले. मग त्याने रानात गुरूची मातीची मूर्ती केली आणि तिच्यासमोर तो एकट्याने शिकला. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्याने सात बाण मारले, ते पाहून राजपुत्र थक्क झाले, आणि गुरूने दक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला. परंतु या कथेतील दोन गोष्टींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली ही की, एकलव्याला शिक्षा झाली ती चुकीबद्दल नव्हे. नेम चुकला असता तर त्याचा अंगठा शाबूत राहिला असता. सर्वश्रेष्ठ कोणी व्हायचे हे आधीच ठरलेले होते आणि तो हा नव्हता, एवढाच त्याचा अपराध. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. अंगठा गेल्यावर एकलव्याने धनुष्य फेकून दिले, असे महाभारतात म्हटलेले नाही. तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला. फक्त पूर्वीचा वेग राहिला नाही.

शाळेत दुखावलेली पुष्कळ मुले अशीच असतात. ती शाळा सोडत नाहीत, रडून गोंधळ घालीत नाहीत, वर्षाअखेर पासही होतात. घरी कोणाला काही कळत नाही. छडीचा वळ संध्याकाळी आंघोळ घालताना आईला दिसतो, आणि मग बाप शाळेत जाऊन जाब तरी विचारतो. पण ‘हे तू काढलेले नाहीस, खरे सांग, कोणाकडून काढून आणलेस?’ या एका प्रश्नाचा वळ कोठे उठतो? जे मूल काल जमिनीवर, भिंतीवर, पाटीवर, सापडेल तेथे चित्रे काढीत होते, त्याने ती काढणे हळूहळू थांबवले, एवढेच दिसते. आपण म्हणतो, ‘आता मोठा झाला, पोरकटपणा गेला.’

शिक्षकाच्या अन्यायाचे प्रकार अनेक आहेत. श्रीमंताच्या मुलाला झुकते माप देणे हा त्यांतला जुना व सर्वांच्या ओळखीचा. त्याविषयी येथे फार लिहीत नाही. नाताळच्या नाटकात मारियेची भूमिका दरवर्षी कोणत्या घरांतल्या मुलींना मिळते आणि गोठ्यातले गाढव कोण होते, हे आपापल्या गावात ज्याने त्याने आठवून पाहावे. आम्हाला आज बोलायचे आहे ते मुलाच्या कल्पकतेवर थेट घाव घालणाऱ्या अन्यायाविषयी: त्याच्या चांगल्या कामावर अविश्वास दाखवण्याविषयी.

रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या ‘जीवनस्मृती’ या १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शाळेतील दोन प्रसंग सांगितले आहेत. कलकत्त्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये ते लहानपणी शिकत. तेथील एका पंडितांच्या तोंडी इतकी घाणेरडी भाषा असे की, या मुलाने त्यांच्या कोणत्याही प्रश्नाला उत्तरच द्यायचे नाही असे ठरवले. वर्षभर तो सर्वांच्या शेवटी मुकाट्याने बसून राहिला. वार्षिक परीक्षेत बंगालीचे परीक्षक होते मधुसूदन वाचस्पती. त्यांनी या गप्प मुलाला सर्वांहून अधिक गुण दिले. आता यावर वर्गशिक्षकांना आनंद व्हावा की नाही? त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली की, परीक्षकाने पक्षपात केला! मुलाची परीक्षा पुन्हा झाली. या खेपेस शाळेचे अधीक्षक परीक्षकाशेजारी खुर्ची टाकून बसले. मुलगा पुन्हा वरच्या क्रमांकाने उतरला.

दुसरा प्रसंग त्याच शाळेतला. मुलगा कविता करतो हे ऐकून अधीक्षकांनी त्याला एका नीतिवचनावर कविता करून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने ती आणली, आणि अधीक्षकांनी त्याला वरच्या वर्गात नेऊन ती सर्वांसमोर म्हणायला लावली. हेतू कौतुकाचाच होता. परिणाम असा झाला की, ही कविता याची नव्हेच यावर जवळजवळ सगळ्या वर्गाचे एकमत झाले. एकाने तर ज्या छापील पुस्तकातून ती उतरवली ते पुस्तकच आणून दाखवतो, असे सांगितले. ते पुस्तक पाहण्याचा आग्रह कोणीही धरला नाही. आरोप पुरेसा होता. पुराव्याची गरज कोणाला होती?

या आरोपाची जात फार वेगळी आहे. मुलाला ‘तुझे लेखन वाईट आहे’ असे सांगितले तर ते खट्टू होईल, पण उद्या अधिक चांगले लिहिण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. लेखन चांगले आहे, आणि चांगले आहे म्हणूनच ते तुझे नव्हे, असे ठरवल्यावर त्याने काय करावे? अधिक चांगले लिहिले तर संशय अधिक बळावणार. या कोंडीतून सुटण्याची एकच वाट लहान मुलाला दिसते, आणि ती म्हणजे वाईट लिहिणे. इतरांसारखे, फळ्यावरच्यासारखे, कोणाच्या डोळ्यांत न भरणारे लिहिणे.

रवींद्रनाथ यातून तरले, जगन्मान्य झाले, १९०१ साली शांतिनिकेतनात त्यांनी स्वतःची निराळी शाळाही काढली. पण म्हणून प्रतिभा खरी असली तर ती तरतेच, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. त्यांच्या घरी कविता होती, गाणे होते, शाळेने काही म्हटले तरी वही कौतुकाने वाचणारे थोरले भाऊ होते. ज्या घरी बाप पहाटे भाजीची टोपली घेऊन बाजाराला जातो आणि आई दिवसभर दुसऱ्याच्या वाडीत राबते, त्या घरच्या मुलाच्या वहीकडे पाहणारे गुरुजींवाचून दुसरे कोण असते? त्याच्या बाबतीत गुरुजींचा शब्द हा शेवटचा शब्द ठरतो.

रवींद्रनाथांच्याच आठवणींत याची दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. पुढे त्यांना कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये घातले. तेथेही त्यांचे मन रमले नाही. एके दिवशी मुले वहीत उतारा लिहीत होती आणि हा मुलगा लेखणी हातात धरून शून्यात पाहत बसला होता. पाठीमागून फेऱ्या घालणारे फादर द पेनेरांदा नावाचे स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू त्याच्यापाशी थांबले. ‘आळशी’ म्हणून खेकसायला कारण पुरेसे होते. त्यांनी वाकून मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बरे वाटत नाही का, एवढेच विचारले. नेमून दिलेले काम न करणाऱ्या मुलाकडे पाहून त्याच्या मनात काही चालले असेल, असे त्यांना वाटले. रवींद्रनाथांनी हा साधा प्रश्न जन्मभर लक्षात ठेवला. फादरांचे इंग्रजी उच्चार परके असल्यामुळे वर्गात मुले त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नसत, हेही त्यांनी नोंदवले आहे.

आपल्या महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांच्या बालपणाची एक गोष्ट सांगतात. शुद्धलेखनात ‘संत’ हा शब्द तीनदा आला, तो त्यांनी तीन तऱ्हांनी लिहिला. गुरुजींनी एक बरोबर व दोन चूक धरले, आणि बाळ हट्टाला पेटला की तिन्ही बरोबर आहेत. गोष्ट आपण हसत हसत सांगतो. पण जरा विचार करा: एका शब्दाची तीन रूपे सुचणे ही भाषेची समज झाली की नाही? आणि हट्टाला पेटणारा बाळ हजारांत एक. उरलेले नऊशे नव्व्याण्णव तांबड्या शाईच्या दोन फुल्या पाहून पुढल्या वेळी एकाच तऱ्हेने लिहितात.

याहून कितीतरी कठोर अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकवण्यास नकार मिळाला आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या श्रमाने संस्कृतचा अभ्यास केला. एकलव्याची कथा पुराणातली आहे असे आपण समजतो, पण ती विसाव्या शतकात मुंबईच्या मध्यवस्तीत पुन्हा घडली होती.

शिक्षकाच्या मनातील ग्रहाचा मुलावर परिणाम होतो हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकेत रोझेंथाल व जेकबसन या दोघांनी एक प्रयोग केला. तो १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका प्राथमिक शाळेतील शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगण्यात आले की, यंदा ही मुले एकदम चमकतील. वस्तुतः ती नावे चिठ्ठ्या टाकाव्या तशी कशीही उचललेली होती. वर्षाअखेर, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, ती मुले खरोखरच इतरांपुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे विद्वानांनी बरेच आक्षेप घेतले आणि परिणाम वाटला तितका मोठा नसावा असेही म्हटले. ते असो. पण ज्या वयाच्या मुलांत फरक दिसला ते वय ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सहा-सात वर्षांचे मूल आपण कोण आहोत हे गुरुजींच्या चेहऱ्यावर वाचत असते.

आता आपल्या गावाकडे येऊ. वसईच्या पट्ट्यातील एखादे मूल घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलते. शाळेत ‘माझे आवडते ठिकाण’ हा निबंध येतो. ते आपल्या वाडीतल्या बावखलावर लिहिते: पाण्यावर वाकलेला माड, बेडकांचा रात्रीचा गलका, आजीने काठावर घासलेली भांडी. ‘बावखल’ या शब्दावर फुली पडते आणि वर ‘तलाव’ असे लिहून येते. वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचले जाते आणि सगळे हसतात. दहापैकी पाच गुण. शेजारच्या मुलाने बाजारातल्या निबंधाच्या पुस्तकातून महाबळेश्वरचे वर्णन पाठ करून उतरवलेले असते. ते कधी महाबळेश्वरला गेलेलेही नसते. त्याला दहापैकी नऊ. आणि पुढे कधी बावखलाच्या मुलाने खरोखरीच सुंदर काही लिहिले, तर नकलेचा संशय कोणावर यायचा? नक्कल करणाऱ्यावर तो येत नाही, हे उघड आहे.

घरच्या बोलीमुळे, गरिबीमुळे मागे पाडलेल्या मुलांनी एकदा स्वतःच आपल्या शिक्षिकेला उत्तर दिले होते. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. डॉन लोरेंझो मिलानी या धर्मगुरूंची १९५४ च्या डिसेंबरात तेथे नेमणूक झाली. सरकारी शाळेत नापास होऊन बाहेर पडलेली शेतकऱ्यांची मुले त्यांनी गोळा केली आणि चर्चच्या घरातच शाळा सुरू केली. त्यांतल्या आठ मुलांनी मिळून ‘शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक लिहिले. ते १९६७ साली निघाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये डॉन मिलानी वारले. त्या पुस्तकात मुलांनी नुसता राग काढलेला नाही. कोणाची मुले नापास होतात आणि कोणाची होत नाहीत याचे आकडे जमवून तक्ते मांडले आहेत. ज्यांना भाषा येत नाही म्हणून नापास केले होते, त्यांच्या भाषेतले हे पुस्तक पुढे अनेक देशांत वाचले गेले. पोप फ्रान्सिस २०१७ च्या जूनमध्ये बार्बियानाला जाऊन डॉन मिलानींच्या कबरीपाशी प्रार्थना करून आले.

भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेचे मूळ अशाच खेड्यांतल्या कामात आहे. होशंगाबाद जिल्ह्यातील (आता त्याला नर्मदापुरम् म्हणतात) सोळा माध्यमिक शाळांत १९७२ साली विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. पुढे तो जिल्हाभर गेला आणि ‘एकलव्य’ने तो चालवून इतर जिल्ह्यांतही पोहोचवला. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे दिलेली नसत. चार-चार मुलांनी मिळून प्रयोग करायचा, दिसेल ते वहीत लिहायचे आणि मग वर्गात चर्चा करायची. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची परवानगी होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुले त्याला पोस्टकार्डावर मनात येईल तो प्रश्न विचारीत आणि त्याच्या नावाने त्यांना उत्तर जाई.

आमच्या मते या पद्धतीत विज्ञानापेक्षाही न्यायाचा भाग मोठा होता. ओल्या फडक्यात घातलेल्या हरभऱ्याला पाटलाच्या मुलाचे फडके आणि मजुराच्या मुलाचे फडके यांतला फरक कळत नाही. मोड दोन्हीकडे येतात. उत्तर गुरुजींच्या खिशात नसून समोरच्या वाटीत असले की, गुरुजींच्या मर्जीला आपोआप मर्यादा पडते. ‘मलाही ठाऊक नाही, करून पाहू’ असे म्हणायला शिक्षकालाही मोकळीक मिळते. तीस वर्षे हा कार्यक्रम चालला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला.

त्याच संस्थेचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक १९८५ पासून निघू लागले. त्यातील ‘मेरा पन्ना’ या सदरात मुलांनी स्वतः लिहिलेले मजकूर आणि स्वतः काढलेली चित्रे छापली जातात. मुलाचे काम त्याच्या नावाने, ते त्याचेच आहे असे मानून छापणे, ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. वर जे लिहिले त्यानंतर वाचकांना ती क्षुल्लक वाटणार नाही.

मध्य प्रदेशच्याच मातीतील आणखी दोन नावे सांगावीशी वाटतात. चित्रकार सैयद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मले. प्राथमिक शाळेत या मुलाचे लक्ष कशातच लागत नसे. नंदलाल झारिया या गुरुजींनी ओरडण्याऐवजी भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सारे विसरून त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे पॅरिसमध्ये राहून नामवंत झालेल्या रझांच्या चित्रांच्या मध्यभागी तो बिंदू येऊन बसला, आणि त्याचे श्रेय ते आपल्या गुरुजींना देत.

दुसऱ्या भूरीबाई. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या या भिल्ल स्त्रीला शाळा मिळालीच नाही. भोपाळला भारत भवनाचे बांधकाम चालू असताना त्या तेथे मजूर म्हणून विटा-माती वाहत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना तुमच्या घराच्या भिंतींवर काढता तशी चित्रे कागदावर काढाल का, असे विचारले. चित्र काढण्याचे कोणी पैसे देते, यावर त्यांचा विश्वासच बसेना. भिल्लांची भिंतीवरची चित्रकला कागदावर आणणाऱ्यांत त्या पहिल्या मानल्या जातात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. क्वचित मनात येते की, भूरीबाई शाळेत गेल्या असत्या तर? त्यांच्या ठिपक्यांच्या घोड्याकडे पाहून, घोड्याला असे ठिपके असतात काय, असे कोणी विचारलेच नसते, याची खात्री आम्हाला देता येत नाही.

शिक्षकांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. साठ वह्या तपासायच्या, कागदपत्रे भरायची, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे करायची, आणि त्यात एखादी वही निराळी निघाली की तिच्याजवळ थांबायला वेळ कोठला? पुष्कळदा अन्याय द्वेषातून घडत नाही, घाईतून घडतो. आणि नकला होतात हेही खरेच आहे. घरच्या मोठ्यांनी करून दिलेले प्रकल्प मुलांच्या नावावर खपवले जातात, हे आपण पालकच जाणतो. तथापि शंभरांत नव्वद नकला असल्या तरी उरलेल्या दहांना चोर ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. म्हणजे आपल्या शाळांना मुलांचा अपमान करण्याची सूट मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये. जे इतरांनी कायद्याच्या धाकाने करायचे ते आपण धाकावाचून करावे, अशी अपेक्षा लोक आपल्याकडून बाळगतात, आणि ती गैर नाही.

मूल घरी येऊन, ‘गुरुजी म्हणाले, हे मी लिहिलेले नाही,’ असे सांगेल, किंवा न सांगता नुसते गप्प बसेल, तेव्हा पालकांनी काय करावे? ‘गुरुजी म्हणाले म्हणजे काहीतरी असेलच’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये; शाळेतला अविश्वास एका माणसाचा असतो, घरचा अविश्वास साऱ्या जगाचा वाटतो. उलट, लगेच कमरेला पदर खोचून शाळेवर चालून जाणेही बरे नव्हे, कारण त्याची किंमत दुसऱ्या दिवशी वर्गात मुलालाच मोजावी लागते. आधी ती वही मागून घ्यावी, दिवा लावून बसावे आणि ती शेवटपर्यंत वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलाकडून वाचून घ्यावी; तेही तितकेच चांगले. मग दोन-चार दिवसांनी, रविवारच्या मिस्सेनंतर नव्हे, शाळेच्या वेळेत, गुरुजींना किंवा बाईंना एकटे गाठावे आणि आवाज न चढवता एवढीच विनंती करावी की, हे तू कसे केलेस ते त्याला तुम्ही एकदा विचारा. पुन्हा परीक्षा घेण्याची गरज नाही. रवींद्रनाथांना ती द्यावी लागली तेवढी पुरे. ज्याने उतरवून आणले असेल ते मूल दोन वाक्यांत संपेल. ज्याने खरेच स्वतः केले असेल, त्याला कोणता शब्द कोठून सुचला, कोणती ओळ का खोडली, बेडूक आधी येणार होते की आजी, हे सारे सांगायचे असते, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी त्याचे सांगून होत नाही.